अकरा सेकंद

शैलजा मगदूम मागच्या दारातून "पुढं सरका" म्हणाली, की शेजारच्या बसमधली माणसंसुद्धा पुढं सरकायची, असं गडहिंग्लज डेपोत सगळे सांगत. त्यात अतिशयोक्ती फार नव्हती. तीस वर्षं कंडक्टरकी करून तिचा आवाज असा तयार झाला होता, की बाजाराच्या दिवशी स्टँडवर माइक बंद पडला तर डेपो मॅनेजर सरळ तिला बोलावून घ्यायचे. २०४३ साली तिकिटं दारातलं यंत्र कापत होतं आणि बस निम्मी स्वतःच चालत होती. तरी गाडीत एक जबाबदार माणूस हवाच, म्हणून कंडक्टर टिकून होते. नव्या कंडक्टरांना शिकवायचं काम शैलजाकडे होतं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. नवरा फार पूर्वी वारला होता, मुलगी लांब होती, आणि ही नवीन पोरं तिला "बाई" म्हणत, घाबरत आणि जीवही लावत.

त्या जानेवारीत वरून पत्र आलं. प्रत्येक कंडक्टरनं कोल्हापूरच्या अनुभव केंद्रात जाऊन एक दिवसाचं प्रशिक्षण घ्यायचं होतं. शैलजा आपल्या चौदा जणांना घेऊन गेली. बाईंचा आवाज बंद करणारं यंत्र अजून जन्माला यायचंय, असं संभाजी देसाई नावाचा कंडक्टर जातानाच म्हणाला, आणि ती मनापासून हसली.

केंद्र चालवणारी ताहिरा मुल्ला तिशीतली फिजिओथेरपिस्ट होती. तिनं आधी एका सशाचं चित्र दाखवलं. कुत्र्यानं तोंडात धरलेला ससा कित्येकदा एकदम लुळा पडतो. तो मेलेला नसतो आणि नाटकही करत नसतो. मेंदूच्या देठाशी पेशींचा एक फार जुना पुंजका आहे. सुटकेची वाट दिसेनाशी झाली की तो पुंजका शरीराचा ताबा घेतो, हातपाय जखडतो आणि गळा मिटवतो. माणसातही तो आहे. पळावं की लढावं हे ठरवणारा मेंदूचा भाग तेव्हा जागा असतो, सगळं बघत असतो, पण त्याचा हुकूम खाली पोचत नाही. बलात्काराला तोंड दिलेल्या कितीतरी बायका सांगत आल्या होत्या, की मी ओरडायला गेले आणि आवाजच आला नाही. हे डॉक्टरांना बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. ज्यांनी विश्वास ठेवायला हवा होता त्यांना मात्र ते पटत नव्हतं.

मग पुण्यातल्या एका प्रयोगशाळेला वाट सापडली. सोनोग्राफीत वापरतात तशाच ध्वनिलहरी डोक्याच्या चहूबाजूंनी सोडायच्या आणि भिंगानं ऊन एका ठिपक्यावर गोळा करावं तशा त्या नेमक्या त्या पुंजक्यावर गोळा करायच्या. चिरफाड नाही, औषध नाही. लहरी एका तालात सोडल्या की पुंजका जागा होतो, दुसऱ्या तालात सोडल्या की शांत होतो. शांत करण्याचा उपयोग उपचारासाठी होता. ज्यांचं शरीर त्या प्रसंगानंतर वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा थिजत राहतं, त्यांना बारा आठवड्यांत ते सोडवायला शिकवता येऊ लागलं. जागं करण्याचा उपयोग इतरांसाठी होता. पोलिसांनी, डॉक्टरांनी, न्यायाधीशांनी एकदा त्या खुर्चीत बसायचं, अकरा सेकंद. भीती नसते, वेदना नसते. फक्त शरीर तुमचं ऐकत नाही.

"बसमध्ये एखादी मुलगी गप्प बसलेली असते," ताहिरा म्हणाली, "शेजारचा माणूस तिला खेटत असतो, आणि तुम्हाला वाटतं, हिची हरकत दिसत नाही. ती गप्प का आहे ते तुम्हाला कळावं म्हणून आज बोलावलंय. नको वाटत असेल त्यानं बसायचं नाही. कुणी विचारणारही नाही."

सगळे बसले. हिरवा दिवा लागला की मोठ्यानं आपलं नाव सांगायचं, एवढंच काम होतं. संभाजी खुर्चीतून उठल्यावर अर्धवट हसला आणि आपल्या तळहातांकडे बघत राहिला.

शैलजा शेवटी बसली. दिवा लागला. तिनं तोंड उघडलं, असं तिला वाटलं. ते उघडलंच नव्हतं. समोर ताहिराच्या दुपट्ट्यावरची जांभळी फुलं स्पष्ट दिसत होती, बाहेर कुणीतरी स्कूटर लावत होतं तेही ऐकू येत होतं. ओरड, ती स्वतःला म्हणाली. नुसतं नाव तर सांगायचंय. गळा कुणा दुसऱ्याचाच असावा तसा पडून होता. तिनं बोट हलवायचा प्रयत्न केला. बोट दिसत होतं, हलत नव्हतं. मग दिवा विझला आणि सगळं परत आलं.

बाकीच्यांनी उठताना काहीतरी बोलून घेतलं होतं. कुणी शिवी हासडली, कुणी देवाचं नाव घेतलं. शैलजा उठून कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसली. जेवणाच्या सुट्टीत पोरांनी ताटं वाढून घेतली तरी ती तिथंच बसून होती. ताहिरा पाणी घेऊन आली तेव्हा शैलजानं हलक्या आवाजात विचारलं, खऱ्या प्रसंगात हे किती वेळ टिकतं. काहींना मिनिटं, काहींना तासभर, ताहिरानं सांगितलं.

"आणि एखादीनं मनापासून ठरवलंच, की ओरडायचं?"

"तुम्ही आत्ता ठरवलं होतंत ना, काकू?"

शैलजानं मान हलवली.

पंधरा वर्षांपूर्वी तिची मुलगी केतकी सोळा वर्षांची होती आणि दाभोळे सरांच्या गणिताच्या क्लासला जात होती. एका संध्याकाळी ती उशिरा घरी आली, दप्तर घेऊनच स्वयंपाकघरात आली आणि उभ्या उभ्या तिनं सांगितलं, सरांनी काय केलं ते. शैलजा पीठ मळत होती. तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, की तू ओरडली का नाहीस. केतकीनं दोनतीनदा ओठ हलवले आणि मग ती आतल्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी शैलजानं तिचा क्लास बंद केला. कुणाला काही सांगायचं नाही असं ठरवलं. एकटी बाई, वयात आलेली पोर, गावात नाव असलेला मास्तर. हे सगळं खरं होतं. पण त्या वाक्यानंतर केतकीनं आईला कुठलीही मोठी गोष्ट सांगितली नाही. शिकली, रत्नागिरीजवळच्या बंदरात नोकरीला लागली, दिवाळीला दोन दिवस यायची, लाडू खायची आणि पाहुणीसारखी जायची.

पुढच्या रविवारी शैलजा न कळवता बंदरावर गेली.

केतकी क्रेन चालवायची. बाकीच्या क्रेन एका खोलीत बसून पडद्यावर चालवत. एक जुनी तेवढी राहिली होती, तिच्या केबिनमध्ये चाळीस मीटर वर माणूस बसायचा, आणि केतकीनं ती मागून घेतली होती. आपल्याला समुद्र आवडतो असं ती लोकांना सांगे. खरं म्हणजे त्या केबिनला एकच दार होतं आणि ते तिच्या डोळ्यांसमोर होतं.

कँटीनमध्ये दोघी समोरासमोर बसल्या. शैलजानं केंद्र, खुर्ची, ससा, सगळं सांगितलं. आपल्याला स्वतःचं नाव घेता आलं नाही हेही सांगितलं. शेवटी ती म्हणाली, की त्या संध्याकाळी मी तुला जे विचारलं ते विचारायला नको होतं.

केतकीनं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "म्हणजे यंत्रानं सांगितलं तेव्हा तुला पटलं. मी सांगितलं तेव्हा नाही."

यावर सांगण्यासारखं खूप काही आहे असं शैलजाला क्षणभर वाटलं. नवरा नसणं, लोक, भीती. ते सगळं तिनं बाजूला ठेवलं.

"हो," ती म्हणाली.

केतकी उठली, हेल्मेट घातलं आणि शिफ्टला निघून गेली. शैलजा परतीच्या गाडीत बसली आणि साखरप्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून रडली. पण एक गोष्ट तिला जाणवली. पोरगी चिडली होती. पंधरा वर्षांत ती आपल्यावर एकदाही चिडली नव्हती, आणि या चिडण्यानं का कोण जाणे तिला बरं वाटत होतं.

तीन आठवड्यांनी केतकीचा फोन आला. तिनं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. दाभोळे सरांनी तिसरी शाखा उघडली होती, त्याची जाहिरात तिला कुणीतरी पाठवली होती, जाहिरातीत पहिल्या रांगेत दहा-बारा मुली बसल्या होत्या. आपण तक्रार द्यायची ठरवलंय, असं तिनं सांगितलं. अल्पवयात झालेल्या अशा गुन्ह्याला मुदत नसते, हे तिनं विचारून ठेवलं होतं.

"माफीचं नंतर बघू, आई. साक्षीला येशील का?"

"येते," शैलजा म्हणाली.

सरकारी वकील बाईंनी तिला आधीच स्पष्ट सांगितलं. घटना घडली त्याच दिवशी मुलीनं आईला सांगितलं होतं, ही साक्ष फार मोलाची आहे. पण तुम्ही ते दाबलंत हेही तुम्हालाच सांगावं लागेल. गुन्हा माहीत असून न कळवणं हासुद्धा गुन्हाच होता. इतक्या वर्षांनी त्याचं फारसं काही होणार नाही, पण समोरचा वकील तुम्हाला सोडणार नाही, आणि सुनावणी बंद दालनात झाली तरी गावात बातमी फुटेलच. विचार करून सांगा, त्या म्हणाल्या. शैलजानं तिथंच सही केली.

डेपोत ती स्वतःच बोलली. चहाच्या वेळी चौदा जणांना बसवून तिनं सगळं सांगितलं, मुलीच्या परवानगीनं आणि मुलीचं नाव न घेता. कुणी मान वर करेना. दुसऱ्या दिवसापासून पोरं तिच्याशी पूर्वीसारखीच वागली, फक्त संभाजीनं तिची पिशवी गाडीपर्यंत नेली. महिन्याभरानं तोच सांगत आला. आजऱ्याच्या गाडीत एक कॉलेजची मुलगी खिडकीशी अगदी ताठ बसली होती, शेजारी एक मध्यमवयीन माणूस होता. पूर्वी त्याचं लक्षही गेलं नसतं. त्यानं तिला विचारलं, "ताई, पुढच्या सीटवर यायचं का?" ती बोलू शकली नाही. मग त्यानं त्या माणसालाच उठवून दारापाशी उभं केलं, आणि पुढच्या थांब्यावर महिला पोलीस आली. मुलगी उतरताना त्याला थँक्यू म्हणाली. शैलजानं संभाजीच्या पाठीत असा धपाटा घातला की तो खोकला.

केतकीनं उपचारही सुरू केले, रत्नागिरीच्या केंद्रात, दर शनिवारी. आईला तिनं यायला परवानगी दिली, पण एका अटीवर. बाहेर बसायचं आणि आत काय झालं ते विचारायचं नाही. शैलजा जवळजवळ दोनशे किलोमीटर जाऊन बाहेरच्या बाकावर बसू लागली. पहिल्या शनिवारी केतकी बाहेर आली आणि न बोलता चालू लागली. तिसऱ्या शनिवारी तिनं भूक लागली असं सांगितलं. मग दोघी बाजारात मासे बघत हिंडल्या. कुठला मासा ताजा ते केतकी शिकवू लागली, आणि घाटावरची आई दर वेळी चुकीचा उचलू लागली. सहाव्या शनिवारी कोळीण आईला हसली आणि केतकीही हसली. सातव्या शनिवारी केतकी फार वाईट अवस्थेत बाहेर आली. रस्त्यातच एका पायरीवर बसली आणि तिनं आईला त्या दिवसाबद्दल, त्या नंतरच्या वर्षांबद्दल बरंच काही सांगितलं. शैलजानं एकही प्रश्न विचारला नाही. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम तेच होतं.

नवव्या शनिवारी बसस्टॉपवर उभं असताना मागून एका म्हातारबाबांनी केतकीच्या खांद्याला हात लावला, देवरुखची गाडी गेली का ते विचारायला. शैलजा पटकन पुढं झाली. एरवी अशा वेळी केतकीचा चेहरा पांढरा पडायचा आणि ती मिनिटभर जागची हलत नसे.

केतकी वळली.

"अजून नाही, बाबा. पण हात नका लावू, नुसती हाक मारा," ती म्हणाली.

बाबा ओशाळून बरं बरं म्हणाले. केतकीनं आईकडे बघितलं. तिचे डोळे विस्फारले होते, जणू ते वाक्य दुसऱ्याच कुणी उच्चारलं होतं. मग तिला जे हसू फुटलं ते थांबेना. शैलजाही हसत सुटली. बाबा दोघींकडे बघून आणखी ओशाळले, आणि त्यांची देवरुखची गाडी आली तेव्हा त्यांना चढवायला दोघी धावल्या.

खटला चौदा महिने चालला. तक्रारीनंतर आणखी दोघी पुढं आल्या. एक अश्लेषा चौगुले, ती निपाणीत शाळामास्तरीण होती. दुसरीनं नाव कुणाला कळू दिलं नाही. दाभोळे सरांच्या वकिलानं एक नवीनच मागणी केली. ही खुर्ची आहे तर केतकीला तिच्यात बसवा, तिचं शरीर खरंच थिजतं का ते कोर्टानं बघावं. केतकीनं नकार दिला. न्यायाधीश स्वतः त्या खुर्चीत बसून आलेले होते. त्यांनी मागणी फेटाळली. ही खुर्ची माणसाच्या शरीराला काय होऊ शकतं ते दाखवते, कुणाला काय झालं ते सांगत नाही, असं त्यांनी लिहून दिलं. मुलीनं स्वतःला सिद्ध करण्यासाठी पुन्हा थिजून दाखवावं, ही अपेक्षा कुठलंही कोर्ट करणार नाही. हा आदेश पुढं राज्यभरातल्या कोर्टांत दाखवला जाऊ लागला.

शैलजाची साक्ष दोन तास चालली. दाभोळे सर समोर बसले होते, केस पिकलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. वकिलानं तिला पीठ मळण्यापासून सगळं वदवून घेतलं. मग तो शांतपणे म्हणाला, की स्वतःच्या आईनं जिच्यावर विश्वास ठेवला नाही तिच्यावर कोर्टानं का ठेवावा.

शैलजानं कठड्याला धरलं. तिचा नेहमीचा आवाज लागला नव्हता. पण जो लागला तो सगळ्यांना ऐकू गेला.

"विश्वास नव्हता असं नाही, साहेब. विश्वास होता म्हणून तर दुसऱ्या दिवशी मी तिचा क्लास बंद केला. सरांच्या रजिस्टरला तारीख असेल, बघा. प्रश्न मात्र मी यांना विचारायला पाहिजे होता, आणि विचारला पोरीला. ती चूक माझी. तिची नाही."

रजिस्टर मागवलं गेलं. तारीख होती.

निकाल ऑक्टोबरमधल्या एका गुरुवारी सकाळी लागला. दाभोळे सरांना शिक्षा झाली. क्लासच्या तिन्ही शाखा तक्रार झाली तेव्हाच बंद पडल्या होत्या. अश्लेषा मोठ्यानं रडली. केतकी रडली नाही. ती बाहेर येऊन कोर्टाच्या पायऱ्यांवर बसली आणि तिनं बूट काढून पाय मोकळे केले. शैलजा दोन पायऱ्या खाली बसली.

"आई," केतकी म्हणाली, "ते माफीचं नंतर बघू म्हणाले होते ना मी."

शैलजानं वळून बघितलं नाही. तिला धीर झाला नाही.

"झालं ते. कधीतरी मासे घेताना झालं. तुला सांगायचं राहिलं."

दुपारी तिघी कोल्हापूरहून गडहिंग्लजच्या गाडीत बसल्या, मागच्या लांब सीटवर. अश्लेषाला निपाणीला जायचं होतं, पण तीही सोबत निघाली होती, रात्री राहून सकाळी जाणार होती. गाडी संकेश्वरच्या अलीकडे थांबली तेव्हा रस्त्याकडेला उसाच्या रसाची रसवंती दिसली, घुंगरं वाजत होती. केतकीला रस प्यायचा होता. पाच मिनिटं थांबतो, कंडक्टर म्हणाला. तो शैलजाचाच विद्यार्थी होता.

रस आला, आलं-लिंबू पिळलेला. चाळीस मीटर उंचीवर वानर शिरलं तेव्हा काय झालं, हे केतकी सांगू लागली. वानर केबिनमध्ये तिच्या खुर्चीत बसलं होतं आणि खाली सुपरवायझर त्यालाच केतकी समजून अर्धा तास वॉकीटॉकीवर शिव्या देत होता. अश्लेषाच्या नाकात रस गेला. शैलजानं दुसरा ग्लास मागवला, मग तिसरा. कंडक्टरनं घंटा वाजवली आणि लांबून हात केला.

शैलजा उठली. तिनं गाडीकडे बघितलं, मग बाकड्यावर पाय वर घेऊन बसलेल्या पोरीकडे. पोरीची गोष्ट अजून संपली नव्हती, सुपरवायझर आता कुठं शिडी चढायला लागला होता. शैलजानं छाती भरून श्वास घेतला.

"तुम्ही व्हा पुढं," ती रस्त्यापलीकडे ओरडली. "आम्ही मागच्या गाडीनं येतो."